साडूंची तरंगती माशी

अख्ख्या कतारमध्ये, जिथे नदी फक्त शाळेच्या पुस्तकात वाहते, तिथे ट्राउट माशाला न्याहारीला काय आवडेल याची काळजी वाहणारा एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा सख्खा साडू आहे. आम्ही दोघेही अल खोरला राहतो. मध्ये दोन गल्ल्या आहेत, पण त्या पुरत नाहीत.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एवढ्याशा गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधतात. ती पाण्यावर तरंगत जाते आणि ट्राउट तिला खरी समजून झडप घालतो. हे बांधकाम आमचे साडू करतात. त्यांनी आयुष्यात जिवंत ट्राउट पाहिलेला नाही. मेलेलाही नाही, कारण ते शुद्ध शाकाहारी. मासळीच्या दुकानावरून जाताना श्वास धरून चालतात. या माश्या असतात त्यांच्या थोरल्या भावासाठी. दादा निवृत्त झाल्यावर हिमाचलात तीर्थन नदीकाठी जाऊन राहिले. वहिनी गेल्यापासून सकाळी गळ घेऊन नदीवर जाणं एवढंच त्यांचं घराबाहेर पडणं उरलं आहे. मासा धरायचा, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आणि त्याला सोडून द्यायचं. सुट्टीवर दिल्लीकडे निघालेला कोणीही दिसला की साडू माश्यांची डबी त्याच्या गळ्यात मारतात. काही ओळखीचे हल्ली सुट्टीची तारीख त्यांच्यापासून लपवतात.

साडूंची नोकरी प्लास्टिकचे दाणे बनवणाऱ्या कारखान्यात. त्यांचं घर, गाडी, मुलीची इंग्रजी शाळा, सगळं त्या दाण्यांवर चालतं. पण कंपनीच्या बसमधून उतरले की माशीत प्लास्टिकचा एक धागा त्यांना खपत नाही. "मासा फसवायचा, पण प्रामाणिकपणे फसवायचा," असं ते म्हणतात आणि टाळ्यांसाठी क्षणभर थांबतात. मी एकदा भाबडेपणाने सुचवलं की बाजारात फोमच्या तयार माश्या मिळतात, त्या बुडवल्या तरी बुडत नाहीत, वर भडक तुरा असतो, लांबून दिसतात. मी चहात मीठ घातल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साडूभाऊ, माशाला खालून फक्त पोट दिसतं. तुरा असतो तो माणसाच्या सोयीसाठी. माशी आहे ती, लग्नाची वरात नाही!"

मग अस्सल मालाचा शोध. कोंबड्याच्या मानेवरची पिसं ताठ असतात, पाणी पीत नाहीत, म्हणून ते मला घेऊन एशियन टाउनजवळच्या एका कोंबडीवाल्याकडे गेले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "भाई, मुर्गे की गर्दन चाहिए. पंख समेत."

"और बाकी मुर्गा?"

"वो आप रख लो."

कोंबडीवाल्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "साब, जादूटोना हमारे यहाँ नहीं होता. यल्ला, आगे जाओ." मी चार पावलं मागे उभा राहून, या गृहस्थांना आपण ओळखत नाही असा चेहरा करून होतो. पिसं शेवटी मिळाली, पण तो माणूस अजूनही मला बघून कानाला हात लावतो. नंतर उंटाचे केस आले. ते वाळवंटाच्या आठवणीने की काय, थेट तळाला गेले. मग बदकाच्या शेपटीजवळची तेलकट पिसं आली. हे सगळे प्रयोग ताईंच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, वरणाच्या पातेल्यात चालत. आमच्याकडे उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळालाही चहाचं पाणी येतं, म्हणून पातेल्यात बर्फ टाकून ते तीर्थनचं तापमान करत. "सरबताला घरात बर्फ नाही, आणि माश्यांची इथे थंड हवेची सहल," ताई म्हणायच्या.

अशात दादांचा फोन आला. "अरे, तुझ्या माश्या बुडतात रे. टाकली की गेली. कंटाळा आला मला. आता नाही जात मी नदीवर."

साडूंनी त्या दिवशी मला बोलावून घेतलं. "माश्या गेल्या खड्ड्यात," ते म्हणाले, "पण दादा एकदा घरात बसला की तो खलास." त्यांच्या बोलण्यात पहिल्यांदाच भाषण नव्हतं. त्यानंतर हरणाचे पोकळ केस मागवले गेले, पिसांना मेण चोळलं गेलं, पातेल्यात ती माशी दुपारभर तरंगली आणि डबी रवाना झाली. दादांचा निरोप तोच: बुडते.

मी सुट्टीवर निघायच्या आधीचा शुक्रवार. आमच्या हॉलमध्ये माझं खोकं बांधणं चाललं होतं, त्या भडक नारिंगी प्लास्टिकच्या दोरीने, जी इथला प्रत्येक जण बांधतो, म्हणजे विमानतळावरच्या पट्ट्यावर आपलं खोकं लांबूनच ओळखू येतं. साडू गाठीवर बोट धरायला आले होते. तेवढ्यात दादांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचे शेजारी फोन धरून काठावर उभे होते. "आता तूच बघ," म्हणून दादांनी माशी फेकली.

ती पाण्यावर अलगद बसली आणि ऐटीत वाहू लागली. आम्हा दोघांना अल खोरमधून स्पष्ट दिसत होती.

"बघ, गेली खाली," दादा म्हणाले. ते माशीकडेच बघत होते.

मी तोंड उघडलं. साडूंनी माझं मनगट घट्ट धरलं. "हो दादा, बुडाली," ते म्हणाले. "पिसंच खराब निघाली. नवीन पाठवतो. तू मात्र नदी सोडू नकोस."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ खोक्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात रजा काढून जातो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो. आत्ता फोनवर सांगितलं तर तो दारच लावून घेईल." आणि कात्री घेऊन त्यांनी माझ्या बांधलेल्या खोक्याची हातभर दोरी कापली, तिचे धागे सोडवले आणि तिथेच बसून एकेका माशीच्या पाठीवर नारिंगी तुरा बांधायला घेतला.

"वरात काढताय?" मी विचारलं.

"काढतोय," मान वर न करता ते म्हणाले.

माझं खोकं मुंबईच्या पट्ट्यावर अर्धं उघडं आलं. त्यातून निडोच्या दूध पावडरच्या डब्याने सगळ्यांना दर्शन दिलं. माश्यांची डबी मात्र मी तिथूनच कुरिअरने दादांकडे पाठवली. पंधरा दिवसांनी मी परत आलो तेव्हा साडूंकडे दादांचा कॉल चालू होता. "अरे, ही तरंगते!" दादा ओरडत होते. "पार पलीकडच्या दगडापर्यंत दिसते! कसली पिसं रे ही?"

"इकडचीच आहेत, दादा. खास."

"मग आधी का नाही पाठवलीस, गाढवा?"

"चुकलं, दादा."

पडद्यावर हिरव्या पाण्यातून नारिंगी ठिपका चालला होता. एकही मासा तिकडे फिरकला नाही. दादांनी माशी ओढून घेतली आणि पुन्हा फेकली. त्या क्षणी मला माझ्या या साडूबद्दल जेवढं प्रेम वाटलं तेवढं आजवर कधी वाटलं नव्हतं. पण साडूंना असलं काही सांगायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून कॉल संपल्यावर मी म्हटलं, "माझी दोरी परत द्या."

"नाही देत," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.