भासऱ्यासमोरची तपासणी

आमगावच्या स्टेशनावर गाडीत बसवताना मला सांगितलं होतं, दवाखान्यात दाखवून लगेच परत आणू. बाळंतपणानंतर झोप उडाली होती, उगाच रडू यायचं, हे खरं. एकदा धानाच्या बांधीत भर उन्हात बसून राहिले, हेही खरं. पण तान्ह्या पोरीला पाजायला मी कधी विसरले नव्हते. प्रवासात तिचे हाल नकोत म्हणून तिला जावेजवळ ठेवायला लावलं.

नेलं ते थेट वेड्यांच्या इस्पितळात. सोबत भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे सुनेचा आवाज भासऱ्याच्या कानी पडायचा नाही. ते घरात आले की मी दाराआड. नवरासुद्धा त्यांच्यासमोर तोंड उघडत नसे, तो व्हरांड्यातच थांबला.

डॉक्टरांशेजारी भासरे खुर्चीत बसले, अगदी ऐसपैस. मी पदर हनुवटीपर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून उभी. झोप लागते का, मूल केवढं, गाव कोणतं? सगळी उत्तरं ओठांवर होती. जरा बाहेर जातो, एवढं म्हणायला भासऱ्यांचं काय जात होतं? डॉक्टरांनाही सुचलं नाही. हिला काही समजत नाही, ठेवून घ्या, असं डॉक्टर नर्सबाईंना म्हणाले. मेल्यांनी तपासलं काय, तर माझा पदर!

दूध दाटून छाती दगड झाली, ताप चढला. मी नर्सबाईंचे पाय धरायची. "मले पुन्ना तपासा वो बाई. भासरे होते म्हणून बोलली नाई मी. माही पोरगी तिकडे उपाशी आहे."

"इथं सगळ्याच असं म्हणतात," त्या म्हणायच्या. तरी एक दिवस त्यांना दया आली. त्यांच्या शब्दाखातर डॉक्टर पुन्हा तपासायला तयार झाले. त्यासाठी घरचं माणूस बोलावलं, आणि खुर्चीत येऊन बसले ते पुन्हा भासरेच.

त्या दिवशी मी लाज गुंडाळून ठेवली. पदर मागे सारला आणि घडाघडा सगळं सांगितलं. पोरीचं वय, गाव, महिना, धानाची कापणी कुठवर आली असेल तेही. मग भासऱ्यांकडे बोट केलं. "हे बसले होते म्हणून मी मुकी राहिली. मले घरी जाऊ द्या."

डॉक्टरांचा चेहरा निवळला होता, मी पाहिलं. तेवढ्यात भासरे रडायला लागले. खोटं नव्हतं ते रडणं.

"साहेब, गरीब गाय होती जी आमची सून. लग्नापासून हिचा आवाज नाई ऐकला मी. आता पाहा, उघड्या डोक्यानं भासऱ्याले बोट दाखवून राहिली. हे बरी झाली म्हणता?"

डॉक्टरांनी मान हलवली आणि मला आत न्यायला सांगितलं.

व्हरांड्यात नवरा उभा होता. इस्पितळातल्या दोन आयांनी मला दंडाला धरलं होतं, तरी मी ओरडून विचारलं, "पोरगी कशी आहे?"

भासरे माझ्या मागूनच येत होते. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.