वाडीतला कोरीव दगड

खणलेल्या ओल्या मातीचा वास आला की आमची निर्मळची केळीची वाडी आठवते. तिथे हौदासाठी खणताना अक्षरं कोरलेला जुना दगड निघाला. शेजारी म्हणाले, "गपचूप पुरून टाका, नाहीतर सरकार जमीन घेईल." आई घाबरली, तरी तिने पुरातत्त्व खात्याला कळवलंच. तिथून आलेल्या बाई दगडापुढे मातीतच बसल्या आणि हरखून म्हणाल्या, "आजी, जमीन तुमचीच राहील. दगड मात्र आता सगळ्यांचा. कायद्याने तो आम्ही जपू." आईचा जीव भांड्यात पडला. टेम्पो आल्यावर ती कुंकू लावायला गेली, तर बाईंनी हात धरला, "नको, अक्षरं खराब होतील." मग आईने घरातली नवी गोधडीच आणून दगडाभोवती गुंडाळली. सगळे हसले, तीही हसली. परवा संग्रहालयात त्या दगडापुढे अनोळखी माणसांची गर्दी पाहिली आणि मी मोठ्याने बोलून गेलो, "आमच्या वाडीतला आहे हा!"