भुवईवरचं कुंकू

मला मोतीबिंदू झालाय हे घरात फक्त आमच्या ह्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "पिकू दे. पिकल्याशिवाय काढत नाहीत." त्यांच्या आईच्या वेळी डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. मला ते बरंच वाटलं. मुलगा कंपनीच्या लोकांची गाडी चालवतो आणि सूनबाई त्या नव्या काचेच्या इमारतीतल्या कंपनीत साफसफाईवर देखरेख करते. चार वर्षांची नात दिवसभर माझ्याकडे असायची. आजीला दिसत नाही हे कळलं असतं तर ती पाळणाघरात गेली असती. मी मुळात कमी बोलणारी. जे काही बोलायचे ते तिच्याशीच.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. डोळ्यांवर दुधाची साय धरल्यासारखं दिसायचं. तांदूळ मी बोटांनी चाचपून निवडायचे. बाहेर पडलं की नात माझा हात धरून ओरडायची, "आजी, पायरी! आजी, खड्डा!" तिला तो खेळ वाटायचा. हडपसरात खड्डे भरपूर, त्यामुळे खेळ काही संपायचा नाही.

संक्रांतीनंतर सूनबाईने हळदीकुंकू केलं. मी स्वयंपाकघरातच बसून राहणार होते, पण ती म्हणाली, "अहो आई, घरात मोठ्या तुम्ही. तुम्हीच लावा ना सगळ्यांना." मला हो म्हणायलाही लाज वाटते, तर नाही कुठून म्हणणार?

टिकली चमकते, तिच्या जरा वर बोट टेकवायचं, असं मी मनाशी ठरवलं. पहिल्या दोघींना जमलं. तिसरी वरच्या मजल्यावरची, कॉम्प्युटरवर काम करणारी. ती टिकली लावत नाही हे मला काय ठाऊक! तिला मी हळद लावली नाकाच्या शेंड्याला आणि कुंकू भुवईवर.

"काकू," ती शांतपणे म्हणाली, "माझं कपाळ अजून थोडं वर आहे."

सगळ्या हसल्या. माझी थट्टा चाललीय असं वाटून नात रागावली आणि मोठ्याने म्हणाली, "आजीला दिसतच नाही! पायरी आली की मी सांगते तिला!"

हसणं थांबलं. सूनबाईचा चेहरा मला दिसत नव्हता, पण ती माझ्याकडेच बघत होती हे कळत होतं.

बायका गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "आई, मला का नाही सांगितलं?"

"तू हिला पाळणाघरात घालशील म्हणून."

"घालणारच आहे," ती म्हणाली. "तुमचं ऑपरेशन होऊन डोळा बरा होईपर्यंत. आणि इतके दिवस कोण कोणाला सांभाळत होतं, ते आता कळलं."

थोड्याच दिवसांत महापालिकेच्या शाळेत डोळ्यांचं मोफत शिबिर लागलं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना ह्यांनी पिकण्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, आंबा आहे का तो? आता थांबावं लागत नाही. उलट उशीर केला की काढायला अवघड जातं." ह्यांनी तिथल्या तिथे ऑपरेशनसाठी माझं नाव लिहून दिलं.

इस्पितळात आम्हा बायकांना ओळीने बसवलं आणि चेहरा धुऊन कुंकू काढायला सांगितलं. माझ्या शेजारी लांबच्या खेड्यातून गाडीने आणलेल्या एक आजी होत्या. दोन्ही डोळे पांढरे झालेले, पण आजवर त्यांना दवाखान्यापर्यंत कुणी आणलंच नव्हतं. त्या अडून बसल्या. "मालक जित्ता हाय माझा. कुंकू का म्हणून पुसू?"

नर्स म्हणाली, "आजी, ऑपरेशन डोळ्याचं आहे, मालकांचं नाही. उद्या दुप्पट लावा."

त्या एवढ्या हसल्या की माझी भीतीही निम्मी झाली. ऑपरेशन दुखलं नाही. डोक्यावर दिव्याचा उजेड तेवढा कळत होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या पट्ट्या काढल्या. त्या आजी खिडकीशी उभ्या राहून समोरच्या उंच काचेच्या इमारतीकडे बघत राहिल्या. "आत माणसं हायत व्हय?"

"आहेत की," मी म्हणाले. "माझी सून असल्याच एका इमारतीत असते." अनोळखी माणसाशी एवढं मी आपणहून बोलले, याचं मला नंतर नवल वाटलं.

घरी सोडलं तेव्हा मुलगा गाडी घेऊन आला होता. सोबत नात. तिचा फ्रॉक नारिंगी होता. मी तो इतके दिवस मातकट समजत होते. तिच्या हनुवटीवर एक बारीक तीळ आहे, तोही मला पहिल्यांदाच दिसला.

"पाळणाघरात बाईंनी विचारलं, तुझी आजी कधी येणार न्यायला," ती म्हणाली. "मी सांगितलं, सोमवारी."

आमच्या इमारतीच्या दारात तिने सवयीने माझा हात धरला. "आजी, पायरी!"

पायरी मला स्वच्छ दिसत होती, तिच्या कोपऱ्यात कुणीतरी थुंकलेलं पानसुद्धा. पण ती इतक्या काळजीने म्हणाली, की मी काळ्या चष्म्याआडून तिच्याकडे बघत बघत पाय चाचपूनच ठेवला.