रेषेला न टेकलेले छर्रे

माझ्या मुलीचे गुण मी खोटे सांगितले. एकदा नव्हे, जवळजवळ आठ महिने, तिच्याच वहीत, माझ्या अक्षरात.

ती दहा मीटर एअर पिस्तूल मारते. वालावलला आमच्या घरामागे काजू ठेवायचा मांगर आहे. त्याची लांबी नऊ मीटरच भरली, म्हणून दारासमोर खळ्यात टेबल मांडलं आणि वर पत्रा घातला. ती बाहेर उभी राहायची, टार्गेट आत. तिचे सर कुडाळला. रविवारी त्यांच्या हॉलमध्ये सराव, तिथे गुण न मोजता फक्त उभं राहणं आणि बोट तपासायचे; बाकीचे दिवस घरी. सरांची सक्त ताकीद होती की मारताना निकाल बघायचा नाही. नजर नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीवर, म्हणजे माशीवर, ट्रिगर सरळ मागे दाबत जायचा, आणि छर्रा सुटला हे आपल्यालाही सुटल्यावरच कळलं पाहिजे. 'आता मारते' असं मनात आलं की बोट झटका देतं. म्हणून मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी कागद काढायचो, भोकं मोजायचो, वहीत आकडा लिहायचो. कागद न्हाणीच्या चुलीत जायचे.

भोक आतल्या वर्तुळाच्या रेषेला टेकलं तर एक गुण जास्त मिळतो. टेकलं की नाही, हे कधी कधी भिंगातूनही सांगता येत नाही. एके दिवशी साठ छर्ऱ्यांचे सहाशेपैकी पाचशे अठ्ठेचाळीस झाले. आठवडाभर ती रडवेली होती, हे आपलं काम नाही म्हणत होती. मी दोन संशयाची भोकं रेषेला टेकवली आणि पाचशे पन्नास सांगितले. त्या दुपारी ती दोनदा भात घेऊन जेवली. मला बरं वाटलं.

पुढे संशयाचीही गरज उरली नाही. रेषेपासून उघड लांब असलेली भोकंही मी आत घेऊ लागलो. आकडा पाचशे पासष्टवर गेला. बाजारात कोणी "चेडू काय म्हणता?" असं विचारलं की मी आधी आकडा सांगायचो आणि मग ती बरी आहे म्हणायचो. याच आकड्यांवर विसंबून बारावीनंतर तिने वर्षभर कॉलेज थांबवलं. बायको म्हणाली, "अवो, वरीस फुकट गेला तर?" मी तिच्यापुढे वही उघडून धरली.

स्पर्धेत मशीनचं टार्गेट असतं. प्रत्येक छर्ऱ्याचा गुण लगेच पडद्यावर येतो, तिथे माझं भिंग नव्हतं. तिचे पाचशे एकोणपन्नास झाले. पुढच्या फेरीला ते पुरले नाहीत. बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बाबा, घराकडे पडतत ते हयसर कित्याक नाय पडले?"

"टेन्शन येता गो. पयलीच मॅच."

वहीतल्या सगळ्या आकड्यांपेक्षा हे एक वाक्य मला जास्त छळतं. तिने ते खरं मानलं.

सरांनी वही बघितली आणि आजार ठरवला. घरी पासष्ट आणि इथे एकोणपन्नास, म्हणजे दडपणाखाली बोट बिघडतं. त्यावर उपाय कोरा सराव. छर्रा न भरता पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर दाबायचा. दिवसाला दोनशे वेळा. सरांचं काही चुकलं नाही, त्यांच्या हातात वही माझी होती.

ती अडीचशे वेळा करायची. सुरुवातीला बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "गो बाय, त्या भिंतीक आणखी किती येळ धाक दाखवतलंस? जेवूक ये!" आणि ती हसायची. दुसऱ्या स्पर्धेत पाचशे एकेचाळीस झाल्यावर हसणं थांबलं आणि बायकोने ओरडणंही सोडलं.

मग बोट अडायला लागलं. हात वर जायचा, माशी स्थिर व्हायची, मला मागून दिसायचं की आता सुटायला हवा. बोट हलायचंच नाही. हात खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. एका छर्ऱ्यासाठी सात-सात वेळा. मी मागे स्टुलावर बसून तळहात मांड्यांवर घासत राहायचो. एकदा तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि डाव्या हाताने उजवं बोट धरून करकचून दाबलं. मी बघत राहिलो.

तेव्हाही मी बोललो नाही. मी वेगळीच युक्ती काढली. हळूहळू खरे आकडे सांगायचे, म्हणजे न बोलता सगळं जुळून येईल. पाचशे साठ, पाचशे बावन्न, पाचशे चव्वेचाळीस. पण तिला त्यातून एवढंच कळलं की आता आपल्याला घरीही जमत नाही. मी खरं सांगायला लागलो आणि त्या खऱ्यानेच तिला संपवलं.

एका रविवारी तिने पिस्तूल पुसून पेटीत घातलं. ते सरांचं होतं, परत द्यायला आम्ही स्कूटरवरून कुडाळला निघालो. वाटभर ती पेटी मांडीवर धरून माझ्या मागे बसली होती.

हॉलमध्ये सरांनी पेटीकडे बघितलं आणि विचारलं, "नक्की ठरलं? कशामुळे ते तरी सांग."

"माझं बोट चालत नाही, सर," ती म्हणाली. "घरी चालायचं, आता घरीही चालत नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे."

मी म्हणालो, "सर, ती वही खोटी आहे."

मुलगी माझ्याकडे वळली. मला वाटलं ओरडेल.

"दिवसाक किती वाढवलात?"

"कधी दोन. कधी पंधरा-सतरा."

"पाचशे सत्तर झालेले त्या दिवशी?"

"पाचशे त्रेपन्न."

ती मनात काहीतरी मोजत होती. "म्हणजे पयल्या मॅचीत..."

"घराकडे जेवढे पडत, तेवढेच थंय पडले. तू थंय घाबराक नाय होतंस. तुझा बोट बराच होता. मगे बिघाडला, ता माझ्यामुळे."

तिने पेटी बाकावर ठेवली आणि झाकणावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. माझ्याकडे बघेना. मी हात जोडले. बापाने मुलीपुढे हात जोडायची रीत आमच्याकडे नाही, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

"तुका धीर येवचो म्हणून सुरू केलंय, बाय. मगे लोकांका आकडे सांगूची माकाच चटक लागली. तुझा वरीस मी फुकट घालवलंय. तू रडत होतंस तेवाय मी गप रवलंय. सरांसमोर सांगतंय, चूक सगळी माझी. माका माफ कर."