पैलवानाचा शेवटचा धडा

सुगरणमास्तर पाखराला अहो-जाहो करायचे आणि माणसांना अरे-तुरे. "या पैलवान, बसा," असं खांद्यावर उतरलेल्या पिवळ्या सुगरणीच्या नराला म्हणायचे आणि त्याच दमात, भेटायला आलेल्या हेडमास्तरांना "टेक की तिथं." उभा जन्म महापालिकेच्या शाळेत काढल्यावर मान कुणाला द्यावा याचा त्यांचा अभ्यास पक्का झाला होता.

पैलवान म्हणजे मुठीएवढा जीव. वादळात घरट्यातून पडलेलं पिल्लू मास्तरांनी किडे आणि भिजवलेले राळ्याचे दाणे भरवून वाढवलं. पिंजरा घरात नव्हताच. शीळ घातली की पाखरू विजेच्या तारेवरून थेट खांद्यावर. हुपरीच्या मेहुण्यांनी दिलेली पैंजणाची घुंगरं तारेत ओवायची, पाहुण्याच्या हातावर सुपारी ठेवायची, दुपारी मास्तरांच्या मिशा ओढून त्यांना उठवायचं, ही त्याची कामं. "मारून कुणी शिकत न्हाई रे," असं मास्तर मला सांगायचे. मी त्यांच्याच छड्या खाऊन सातवी पास झालो होतो, हे ते सोयीस्कर विसरले असावेत.

"नाव बाईचं, पण घरटं बांधतोय गडी!" हे वाक्य ते चारचौघांत छाती फुगवून टाकायचे. स्वतःच्या घराचा पत्रा मात्र वर्षानुवर्षं गळत होता. मास्तरांच्या घरच्या काकू गळतीखाली भांडी मांडता मांडता म्हणायच्या, "मग पत्र्याचं बी त्यास्नीच सांगा."

एका वर्षी आमच्या तालमीच्या गणपतीत पैलवानाचा कार्यक्रम ठरला. फेटा बांधून घ्यायला कुणीतरी साहेब असल्याशिवाय कार्यक्रम झाला असं कोल्हापुरात कुणी मानत नाही. मी तालमीचा सेक्रेटरी. विषय पाखराचा, म्हणून अक्कल पाजळून मी वनखात्याच्या साहेबांनाच प्रमुख पाहुणे केलं. साहेबांनी फेटा बांधून घेतला, पैलवानाच्या चोचीतून सुपारी घेतली, टाळ्या वाजवल्या, भाषणही ठोकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच साहेब जीप घेऊन गल्लीत हजर.

"मास्तर, रानातलं पाखरू पाळणं गुन्हा हाय. मी बघितलं नसतं तर गोष्ट वेगळी. आता मला बघताना अख्ख्या पेठेनं बघितलंय."

"पाळलंय कुठं? मोकळंच हाय की!"

"मग शीळ घातल्यावर येतंय कसं? पंधरा दिवसांनी येतो. शिळंला आलं न्हाई तर मोकळं समजीन. आलं तर घेऊन जाणार."

घेऊन जाणार म्हणजे पिंजऱ्यात. मास्तरांना ते नको होतं. मी म्हटलं, पंचगंगेपलीकडं नेऊन सोडू. "तिथनं बी येतील ते," मास्तर म्हणाले, "त्यास्नी घर म्हाईत हाय."

मग त्यांनी पैलवानाला न येण्याचं शिक्षण सुरू केलं. रोज सकाळी घरामागच्या परड्यात शीळ घालायची आणि पाखरू खांद्यावर आलं की पंचा झटकायचा. पहिल्या दिवशी पैलवानाला हा नवा खेळ वाटला. तो पुन्हा पुन्हा आला. चौथ्या दिवशी पंचा त्याच्या पंखाला लागला. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. मला माझ्या सेक्रेटरीपणाची लाज वाटली.

पंधराव्या दिवशी साहेब आले. सगळी गल्ली गोळा झाली. मास्तरांची पहिली शीळ उमटलीच नाही. दुसरी खणखणीत निघाली. तारेवरच्या पैलवानानं मान वळवून बघितलं आणि उडून तो मागच्या चिंचेवर जाऊन बसला. साहेबांचा जीव भांड्यात पडला. तालमीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला कशालाही टाळ्या वाजवायची सवय.

गल्ली पांगल्यावर मी मास्तरांजवळ गेलो. "मास्तर, चुकलं माझं. साहेबास्नी मीच बोलावलं."

ते चिंचेकडं बघत होते. "तुझं न्हाई रे चुकलं," ते म्हणाले, "मीच जरा कच्चं शिकवायला पायजे हुतं."