ओट्यावरची खूण

गटारांवरच्या माझ्या पुस्तकात एक वाक्य आहे: काळ्या मातीवर बांधलेल्या ओट्यावर उंचीची खूण करू नये. नांदेडला शिकवताना ते मी कित्येकदा मोठ्यानं वाचलं. कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ होता, मी कनिष्ठ अभियंता होतो. एका वस्तीच्या गटाराचं नाल्याकडचं अर्धं काम हिवाळ्यात झालं, वरचं अर्धं उन्हाळ्यात. दोन्ही वेळा उंची मोजली ती चावडीच्या ओट्यावरच्या एकाच खुणेवरून. मी दुर्बिणीतून बघायचो, औशाचा रोजंदारी खलाशी, मोजणीतला मदतनीस, समोर आकड्यांची पट्टी धरायचा. पट्टी हातात असतानाही तो थट्टामस्करी करायचा. ते हसणं मला खटकायचं.

गटार कोरडंच होतं. एक दिवस टँकर सांडला आणि पाणी नाल्याकडं न जाता दारांपुढं तुंबलं. एक म्हातारी म्हणाली, "सायबाचं पानी बी सायबावानीच. खाली उतरंना."

मी खलाशाकडं वळलो. "पट्टी तिरकी धरलीस."

"न्हाई साहेब. सरळच व्हती."

"वस्तीत कोण आहे तुझं?"

"मेव्हणी हाय. तिच्याच दारात पानी तुंबवू व्हय?"

इतकं तयार उत्तर? माझा संशय उलट वाढला. पट्टी तिरकी धरल्याचा जबाब मीच लिहिला, त्याची सही घेतली. कायम होणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव गेलं.

पंधरा दिवसांनी ओट्याखाली हात जाईल एवढी भेग दिसली. देवळाच्या पक्क्या पायरीशी ताडून पाहिलं. माती वाळून ओटा खुणेसकट चार बोटं खचला होता. वरचं गटार मीच तेवढं खोल बसवलं होतं. कुणालाही न सांगता वही मिटली आणि नांदेडला बदली मागितली.

गेल्या महिन्यात औशाला त्या खलाशाच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, चूक माझीच होती असं लिहून नेलेला कागद पुढं केला. त्यानं हात लावला नाही.

"ह्याच्यावर बी सही पायजे का?"

"नाही. सही माझी आहे."

त्याचा माझ्यावर विश्वास नव्हताच.

"मेव्हणी अजून बोलत न्हाई माझ्याशी," म्हणाला. "तिच्या दारात चला. तितं वाचा."

आणि पायात चपला घालून माझ्याआधी बाहेर पडला.