आमच्याकडे गोड पप्पा करतात

चार माणसं आठ तास एका टेबलाशी उभी राहून खोकी भरत असली की किस्से आपोआप साठतात. माल रोज ट्रकमध्ये चढून निघून जातो, किस्से मात्र आमच्याकडेच पडून राहतात. यातले बरेचसे कांबळेदादांचे आहेत आणि त्यांना विचारूनच सांगतेय. म्हणजे विचारलं, ते नको म्हणाले, तरी सांगतेय.

भिवंडीजवळ राहनाळच्या गोडाऊनमध्ये आमचं पॅकिंगचं टेबल. शबाना आपा चादरी घड्या घालून खोक्यात भरते, मंजू टेप मारते, मी लेबल चिकटवते. शेवटी कांबळेदादा, क्यूसी. म्हणजे आम्ही भरलेल्या मालात खोट काढायचा पगार त्यांना मिळतो.

टेबलाचा एक नियम आहे. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत एकानं गोड आणायचं, तेही स्वतः केलेलं. विकतचं चालत नाही. दादांची पाळी आली की ते डझनभर केळी आणायचे आणि म्हणायचे, "झाडानं घरीच केलीत."

*

स्वतः केळी आणणारा हा माणूस आमच्या गोडालाही क्यूसी लावायचा. खिशात हिरवे आणि लाल स्टिकर असायचेच. माझ्या शंकरपाळ्यांच्या डब्यावर त्यांनी लाल चिकटवला. कारण विचारलं तर म्हणे, कडा तुटल्यात. शबाना आपाच्या शेवयांच्या खिरीला लाल, कारण डबा गळतोय.

मंजू गणेशपुरीकडच्या पाड्यावरून एसटीनं येते. तिनं एकदा काकडी, तांदळाचं पीठ आणि गूळ पानात गुंडाळून उकडलेले पानगे आणले. दादा डोळे मिटून चावत राहिले, बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, चव उत्तम, पण जरा चिवट आहे.

मंजूनं शांतपणे सांगितलं, "दादा, पान खायाचं न्हाय."

*

हे सगळं मजेत चाललं होतं. मग एका सोमवारी दादा टेबलाशी आले आणि कुणालाही लाल स्टिकर न लावता नुसतेच उभे राहिले. आम्हाला वाटलं, नोकरी गेली.

दादांच्या मिसेस जाऊन आठ वर्षं झाली. घरात दादा आणि मुलगी स्नेहा, दोघंच. स्नेहा लॅबमध्ये कामाला आहे आणि चार स्थळं तिनं नाकारलेली. हे पाचवं ठाण्याचं होतं आणि यावेळी पोरगी फोन घेऊन गॅलरीत जायला लागली होती. दादा एवढ्यावरच खूश होते.

रविवारी मुलाच्या आईचा फोन आला. बोलता बोलता त्यांनी विचारलं, गोडधोड करता येतं का गं तुला? स्नेहाला चहासुद्धा धड येत नाही. तिनं क्षणभर विचार केला आणि ठोकून दिलं, "आमच्याकडे गोड पप्पा करतात."

पलीकडून आवाज आला, "अगंबाई! मग आलो की त्यांच्याच हातचं खाऊ."

मुलाचं ऑफिसचं ट्रेनिंग संपलं की मंडळी येणार होती. हातात सहा आठवडे. दादा आमच्याकडे बघत म्हणाले, "पोरीला पहिल्यांदा कुणीतरी आवडलंय. माझ्या हातून मोडायला नको."

आम्हाला खरं तर सूड घ्यायचा होता. पण त्यांचा चेहरा बघून तो बेत राहिला. शबाना आपानं चादर बाजूला ठेवली आणि म्हणाली, "पहले ये बताओ भाईजान, घर में कढ़ाई है?"

दादा म्हणाले, बघावं लागेल.

*

सुरुवात रव्याच्या लाडवानं केली. मी सगळं सांगितलं, दादांनी वहीत उतरवून घेतलं, नंबर घालून, शेजारी टिक करायला चौकोन काढून. पाक किती वेळ ठेवायचा, तर मी म्हटलं एकतारी होईपर्यंत. ते म्हणाले, मिनिटं सांगा. मिनिटं कुठून सांगणार? त्यांनी आपल्या मनानं पंचवीस लिहून टाकली.

शनिवारी लाडू आले. दिसायला एकसारखे, कारण प्रत्येक लाडू काट्यावर तोलला होता. मंजूनं एक उचलला, दातांनी प्रयत्न केला आणि तो तिच्या हातातून निसटून फरशीवर पडला. टणकन उडाला आणि टेबलाखाली गेला. काढून बघितला तर साधा टवकासुद्धा नाही!

आमच्याकडे खोकं कमरेच्या उंचीवरून टाकून बघतात, फुटतं का ते तपासायला. मंजू म्हणाली, "दादा, माल पास हाय."

*

लाडू सोडून नारळाच्या वडीवर आलो. खोबरं, साखर, थोडं दूध आणि न थांबता ढवळणं, चुकायला जागाच कमी. आपानं बजावलं होतं, घड्याळ बघायचं नाही, कढई बघायची. कडा सुटायला लागल्या की तूप लावलेल्या ताटात थापायचं.

पहिली खेप करपली. दुसरी वडी म्हणून निघाली आणि भुगा म्हणून पोचली. चौथ्या आठवड्यात मात्र दादा सकाळी ड्युटीवर आले तेच छाती काढून. वड्या त्यांनी आमच्याच खोक्यात, बबल रॅपमध्ये गुंडाळून आणल्या होत्या. डबा गळतो हे त्यांचं मत पक्कं होतं ना! खोकं त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि ते हजेरी लावायला गेले.

आता माझी चूक. सात वर्षं माझ्यासमोर खोकं आलं की हात लेबलाकडे जातो. मंजूनं टेप मारला, मी लेबल मारलं आणि दादा परतायच्या आत खोकं ट्रकात गेलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही वड्या शोधतोय आणि टेबलावर एक निळी चादर मालकाविना पडलेली.

सुपरवायझरनी मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. चादर तातडीनं रवाना झाली, माफीचा फोन झाला. आठ दिवसांनी ते खोकं रिटर्न आलं. रिकामं, पुसून स्वच्छ केलेलं. परतीच्या कागदावर कारणाच्या रकान्यात कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "माल उत्तम. नग कमी."

दादांनी तो कागद मागून घेतला. दिवसभरात निदान दहा वेळा तरी वाचला असेल.

*

ठरलेला रविवार आला. दादांना धीर म्हणून मी आणि शबाना आपा सकाळपासून त्यांच्या घरी. मंडळी बाराला येणार होती. पण ठाण्याहून भिवंडीला यायचं म्हणजे कशेळीचं ट्रॅफिक लागणार. आमच्याकडे बाराला येतो म्हटलं की भिवंडीकर आपसूक दीड धरतो. त्या हिशेबानं दादांनी साडेअकराला आरामात नारळ खोवायला घेतला.

कशेळीला त्या दिवशी एक ट्रकसुद्धा नव्हता. बाराला दहा कमी असताना बेल वाजली!

कढईत सगळं अजून पातळ. आपा म्हणाली गॅस वाढवा, मी म्हटलं कमी करा. बाहेर स्नेहाचं जयभीम, या, बसा, पाणी झालं. आई, वडील आणि मुलगा. बापलेक सोफ्यावर बसले ते पाय ताणून. दादांनी कढईतलं तसंच ताटात ओतलं, पंख्याखाली धरलं, फुंकर मारली. ते काही घट्ट होईना. शेवटी चार वाट्यांत भरलं, चमचे खोचले आणि ट्रे घेऊन बाहेर गेले. आम्ही पडद्याआड.

मुलाच्या आईनं वाटीत बघितलं. हे काय आहे, असं अगदी प्रेमानं विचारलं. दादांना खीर म्हणता आलं असतं, बासुंदी म्हणता आलं असतं. मी मनात दहा नावं सुचवली. स्नेहानं पाण्याचे ग्लास गोळा करायला घेतले.

दादांनी ट्रे खाली ठेवला. म्हणाले, "ताई, ही वडी आहे, झाली नाही. खरं सांगायचं तर मी गोड कधीच करत नव्हतो. पोरगी घाबरून बोलून गेली. तिला दोष देऊ नका. ती बोलली, म्हणून मी शिकायला घेतलं."

आपानं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

बाईंनी एक चमचा खाल्ला. मग दुसरा. वाटी रिकामी केली आणि विचारलं, "किती दिवस झाले शिकताय?"

"सहा आठवडे."

बाई सावकाश सोफ्याकडे वळल्या. नवरा आणि मुलगा, दोघांनीही ताणलेले पाय आत घेतले.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारपासून हे दोघं तुमच्याकडे येतील. नारळ बरोबर देते."